आधी तुमचं अंगण झाडा

मृग लागायला आठ दिवस राहिले की आमच्या घरी एकच धांदल उडते. अंगणातली पोती उचलून ओसरीवर घ्यायची, त्यांच्याखाली फळ्या सरकवायच्या. फिनाईल, ढेकणाचं औषध, उरलेल्या रंगाचे डबे खालून काढून वरच्या फळीवर ठेवायचे. पत्र्याची पन्हळ साफ करायची. विहिरीच्या कठड्याभोवतीचा पालापाचोळा झाडून लांब न्यायचा. पहिल्या पावसाचं छपराचं पाणी हंड्यात धरायचं नाही, वाहू द्यायचं, हे तर घरातल्या लहान पोरीलाही ठाऊक असतं. उन्हाळाभराची धूळ, पाखरांची घाण, सगळं त्या पहिल्या पाण्यात उतरतं.

हे आम्हाला कुठल्या इंजिनिअरनं शिकवलं नाही. आईनं शिकवलं, सासूबाईंनी शिकवलं. पाऊस येणार आणि वाटेत सापडेल ते घेऊन जाणार, तेव्हा त्याच्या वाटेत घाण ठेवू नये. एवढी साधी गोष्ट. मग माझा प्रश्न असा, की घरातल्या बाईला जे कळतं ते गावच्या नगरपालिकेला का कळू नये?

प्रश्न उगाच पडलेला नाही. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका घरी चातुर्मासाच्या आरंभी सामुदायिक भोजन होतं. गावाचं नाव मी घेणार नाही. ते पैनगंगेच्या अलीकडचं की पलीकडचं, तेही सांगणार नाही. पाण्याचा टँकर सांगायला जाऊबाईंबरोबर मी तिथल्या पालिकेच्या गाड्यांच्या आवारात गेले. आत शिरतो न शिरतो तोच पावसाची मोठी सर आली. आम्ही दोघी पत्र्याच्या आडोशाला उभ्या राहिलो आणि अर्धा तास जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

ट्रॅक्टरचं ऑइल बदललेलं होतं आणि जळकं ऑइल अर्ध्यात कापलेल्या पिंपात उघड्यावर ठेवलेलं होतं. पिंपात पाऊस पडू लागला. पाणी तळाशी गेलं, तेल वर आलं, आणि पिंप भरल्यावर पहिल्यांदा तेलच काठावरून ओघळलं. शेजारी ब्लिचिंग पावडरची पोती थेट जमिनीवर रचलेली. खालची दोन फाटलेली, त्यांतून दुधासारखा पांढरा ओघळ निघालेला. कचऱ्याच्या ट्रॉल्या रिकाम्या करून आणलेल्या, पण तळाशी साचलेलं काळं पाणी तसंच गळत होतं. आणि एकाच फरशीवर दोन टँकर धुवायला उभे. एक संडासाच्या टाक्या उपसणारा, दुसरा पिण्याच्या पाण्याचा. सगळ्याचं मिळून एक पाणी झालं, आवाराच्या कोपऱ्यातल्या नालीत गेलं, आणि नाली मागच्या ओढ्याला मिळाली.

जाऊबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उद्या हे आपण कितीपदरी गाळण्यानं गाळायचं गं?"

तिथल्या माणसाला मी विचारलं, तर तो अगदी आदरानं म्हणाला, "ताई, काळजी करू नका. पाऊस आहे, सगळं धुऊन जातं."

धुऊन जातं! कुठं जातं?

भगिनींनो, या एका प्रश्नासाठी हा लेख आहे. घाण आपल्या डोळ्यांसमोरून गेली की ती जगातूनच गेली, असं आपण समजतो. आपल्या आदिलाबादकडे ती कुठं जाते, ते जरा बघा. गावच्या पाण्याची वाट उतारानं नालीतून ओढ्यात, ओढ्यातून वागूत, वागूतून पैनगंगेत. पैनगंगा पुढे चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता कालेश्वरमला गोदावरीत जाते. ज्या गोदावरीच्या काठी आपण हात जोडतो, तिच्यात आपल्या गावच्या ट्रॅक्टरचं ऑइल हात जोडायच्या आधीच पोचलेलं असतं. आणि वाटेत काय काय आहे? काठावरची गुरं आहेत, भाजीचे मळे आहेत, नदीत कपडे धुणाऱ्या बाया आहेत, आणि पलीकडच्या काठावर यवतमाळ जिल्ह्यातली गावं आहेत. आपण तेलंगणात, त्या महाराष्ट्रात. पाण्याला सरहद्द ठाऊक नाही.

सगळंच पाणी नदीपर्यंत जातं असंही नाही. आपली माती काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून सरळ खाली उतरतं. मातीतून हळूहळू झिरपताना जे गाळलं जायचं ते गाळलं जात नाही, आणि जवळच्या विहिरीला, बोअरला तेच पाणी लागतं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि उरलेलं पाणी वरूनच धावत सुटतं. म्हणजे पहिला पाऊस घाण खाली नेतो आणि नंतरचा पुढे नेतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पावसाच्या नालीच्या शेवटी कुठलंही गाळणं नसतं. संडासाच्या पाण्यासाठी निदान शुद्धीकरण केंद्राची भाषा तरी होते. पावसाचं पाणी 'स्वच्छच' धरलेलं असतं, म्हणून ते जसं आहे तसं ओढ्यात सोडतात. तेव्हा त्यात घाण जाऊ न देणं हाच एक उपाय. एकदा गेली की काढता येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं सांगणं आहे, की एका मोटारीच्या एका ऑइल बदलातलं जळकं तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं. आता पालिकेच्या आवारात ट्रॅक्टर किती, टिप्पर किती, जेसीबी किती, ते मोजा.

आपल्या गावात खानापूर तलाव आहे. हायवेला लागून मावला तलाव आहे, त्याचं पाणी आदिलाबादनं वर्षानुवर्षं प्यायलं. तलावाची गोष्ट निघाली की लगेच भाषणं सुरू होतात. लोक कचरा टाकतात, लोकांना शिस्त नाही, प्लास्टिक वापरू नका, दंड होईल. खरं आहे, लोक टाकतात. आपणही टाकतो, ते मी पुढे बोलणारच आहे. पण दंडाचा फलक ज्या खांबावर लावला त्याच्या बुडाशी नालीतून काढलेला गाळ कुणी ठेवला? पावसाळ्यापूर्वी नाल्या उपसतात आणि गाळ काठावरच 'वाळायला' टाकतात. उचलायची गाडी येईपर्यंत पाऊस येतो आणि तोच गाळ त्याच नालीत परत जातो. उपसण्याचं बिल निघालेलं असतं. पुढच्या वर्षी तोच गाळ, तेच बिल. घरातल्या बाईनं केर काढून उंबऱ्यातच ठेवला तर सासू काय म्हणेल? पालिकेला सासू नाही, म्हणून हे चालतं.

रस्ता झाडणाऱ्या बायांवर मात्र कुणी बोट ठेवू नये. त्या पहाटे चारला उठून येतात. झाडलेली माती नालीत लोटू नका म्हणायला सगळे पुढे, पण ती भरायला गाडा द्यायला कुणी नाही. हातमोजे नाहीत, घमेलं फुटलेलं. गाडी वेळेवर येत नाही आणि मुकादमाला रस्ता तर साफ दिसला पाहिजे. मग ती बाई काय करील? नालीत लोटील. दोष तिचा नाही, तिला तसं काम करायला लावणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

अमेरिकेत १९७२ साली स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. १९८७ साली त्यात पावसाच्या पाण्याचीही तरतूद केली आणि १९९९ च्या नियमांनी लहान शहरांनाही त्यात घेतलं. त्या नियमांनी शहरांवर सहा कर्तव्यं टाकली. लोकांना शिकवा, लोकांना सहभागी करा, चोरून सोडलेली घाण शोधा, बांधकामांवर लक्ष ठेवा, ही सगळी दुसऱ्यांकडे बघण्याची कामं आहेत. पण सहावं कर्तव्य शहराला स्वतःकडे बघायला लावतं. पालिकेच्या स्वतःच्या गाड्या, आवारं, गोदामं, रस्त्यांची कामं यांतून घाण पावसात जाऊ देऊ नका आणि आपल्या माणसांना तसं शिकवा, असं ते सांगतं. त्याला त्यांनी नाव काय दिलंय माहीत आहे? 'गुड हाउसकीपिंग'. घर नीटनेटकं ठेवणं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं आणि रागही आला. जे काम आपल्या बाया बिनपगारी, बिनकौतुकाच्या पिढ्यान्पिढ्या करत आल्या, ते तिथं सरकारी नियम झालं. आणि आपल्याकडे ज्या कचेऱ्यांत त्या कामाची गरज आहे, तिथं ते 'बायकी' म्हणून कुणाच्या खिजगणतीत नाही.

आपल्याला तर अमेरिकेकडेही बघायला नको. आपल्या पाच समित्यांपैकी चौथी आणि पाचवी आठवा. आदाननिक्षेप म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना जपणं. उत्सर्ग म्हणजे टाकायचं ते जीवाला इजा होणार नाही अशा जागी, बघून टाकणं. या समित्या साधू-साध्वींसाठी सांगितल्या, गृहस्थानं जमेल तेवढ्या पाळाव्या. पण गाड्यांच्या त्या आवाराला दुसरा कोणता नियम हवा? ऑइलचं पिंप कुठं ठेवायचं, ब्लिचिंगचं पोतं कशावर ठेवायचं, हा आदाननिक्षेप. धुण्याचं पाणी, गाळ, टँकरमधला मैला कुठं सोडायचा, हा उत्सर्ग. आपण पाण्यालाच अप्काय जीव मानतो. त्यावर तेलाचा तवंग आला की खाली हवा पोचत नाही. ब्लिचिंग ओढ्यात गेलं की मासोळी, बेडूक, डोळ्यांना न दिसणारे जीव, सगळ्यांचा घात. आणि ही हिंसा रागातून झालेली नाही, लोभातूनही नाही. नुसत्या बेफिकिरीतून झालेली आहे. प्रमाद याहून वेगळा काय असतो?

आता पालिकेच्या बाजूनं जे सांगतात ते ऐकू या. पहिलं म्हणजे पैसा नाही. तेलंगणाच्या २०१९ च्या नगरपालिका कायद्यानं पालिकेच्या अर्थसंकल्पाचे १० टक्के हिरवाईसाठी बाजूला काढायला सांगितलंय. झाडं लावा, जरूर लावा. पण झाडाला आळं करायला पैसा आहे आणि ब्लिचिंगच्या पोत्याखाली फळ्या घालायला नाही, हे कुणाला पटेल? मी सांगते त्यात महाग काय आहे? तेलाच्या पिंपाला झाकण आणि वर पत्रा. पोत्यांखाली फळ्या. गाडीखाली गळतं तिथं एक परात. सांडलं तर पाण्यानं न धुता लाकडाचा भुसा किंवा वाळू टाकून झाडून घेणं. डांबराची पिंपं आणि वाळूचे ढीग यांच्यावर ताडपत्री. पाऊस असेल त्या दिवशी डांबराचं काम बंद. गाळ काढला त्याच दिवशी उचलणं. गाड्या धुवायच्या फरशीला दोन कप्प्यांची टाकी. पहिल्या कप्प्यात तेल वर तरंगतं, दुसऱ्यात पाणी खालच्या नळीनं जातं. ताकावरचं लोणी वेगळं करणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

उलट, न करण्याचा खर्च बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं घन आणि सांडपाण्याची नीट विल्हेवाट न लावल्याबद्दल तेलंगणाला सुमारे ३,८०० कोटी रुपये भरपाई बाजूला काढायला सांगितली. पलीकडच्या महाराष्ट्राला महिनाभर आधी १२,००० कोटी. म्हणजे नदीचे दोन्ही काठ सारखेच. हा पैसा कुणाचा? तुमचा-माझाच. फळ्यांना पैसा नाही म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

दुसरं म्हणजे नियमच नाही म्हणतात. नियम आहेत. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २४ जाणूनबुजून ओढ्या-नदीत घाण जाऊ देण्याला मनाई करतं, आणि ते सर्वांना लागू आहे, पालिका त्यातून सुटलेली नाही. जळकं ऑइल हे २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं. ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं असतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही नालीत, जलाशयात कचरा टाकायला बंदी घातली. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावर वेगळी मार्गदर्शिकाच काढली. आणि संविधानाचं कलम ५१क नागरिकाचं कर्तव्य सांगताना तलाव-नद्या आणि जीवमात्रांविषयीची करुणा यांची नावं एकाच दमात घेतं. 'जीवमात्रांविषयी करुणा' हे शब्द संविधानात आहेत, हे आपल्या मुलांना तरी शिकवलंय का आपण?

तिसरं म्हणजे "सगळीकडे असंच असतं" म्हणतात. असतं. म्हणून काय झालं? शेजारणीचं अंगण घाण आहे म्हणून कुठली बाई आपलं झाडायचं थांबली?

आता आपल्याकडे वळते, आणि इथं मला काही जणांचा राग ओढवून घ्यावा लागेल. आपण घरी पाणी दुपदरी फडक्यानं गाळतो. जुन्या बाया फडकं गाळलेल्या पाण्यानं खंगाळून ती जिवाणी ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत हळूच सोडायच्या, वरून ओतायच्या नाहीत, जीव आपटू नयेत म्हणून. केवढी ही जपणूक! आणि त्याच घरातले आपले यजमान, दीर, मुलं बाजारात बसतात, पालिकेत ज्यांची उठबस, ज्यांच्या शब्दाला वजन. रस्त्यासाठी, आपल्या गल्लीतल्या दिव्यासाठी, मंदिरासमोरच्या फरशीसाठी त्यांनी शब्द टाकलाय, मी पाहिलंय. गाड्यांच्या आवारातल्या पिंपासाठी कुणी टाकला? आपल्याच कारखान्यांत, जिनिंगच्या आवारांत, आपल्याच ट्रकांचं ऑइल कुठं जातं, हे कुणी कुणाला विचारलं? घरात गाळणं आणि बाहेर नाली, हा धर्म नव्हे. ही नुसती सवय आहे.

पुढे मी हेही म्हणेन, की आपण बाया सुद्धा सुटत नाही. आम्ही सामुदायिक भोजनाच्या शेवटी खरकटं, तेलकट पाणी, पत्रावळी कुठं सोडल्या? पर्युषण संपलं की 'मिच्छा मि दुक्कडं' म्हणून हात जोडतो. त्यात त्या ओढ्यातल्या जीवांची आठवण कुणाला येते? त्या दिवशी टँकर सांगायला गेलेल्या आम्ही दोघी तरी काय केलं? तो टँकर नको म्हणालो आणि परत आलो. कुणाकडे तक्रार केली नाही. घरी येऊन पुरुषांना सांगितलं, ते म्हणाले, "पालिकेचं असंच असतं." आम्ही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचं प्रायश्चित्त म्हणून हे लिहिते आहे.

तेव्हा मागणी अगदी थोडी आहे, आणि ती गावच्या प्रत्येक महिला मंडळानं, मंदिराच्या, स्थानकाच्या प्रत्येक बैठकीनं लेखी करावी. पालिकेनं लोकांना शिकवण्याआधी आपलं आवार दाखवावं. मृगाच्या पंधरा दिवस आधी गाड्यांचं आवार, ब्लिचिंग-औषधांचं गोदाम, कचऱ्याचं मैदान, भाजी आणि मटण मंडईच्या धुण्याच्या जागा, या सगळ्यांची पाहणी व्हावी, आणि त्या पाहणीला गावातल्या चार बायांना बोलवावं. कुठल्या नालीचं तोंड कुठं उघडतं, याचा नकाशा भिंतीवर लावावा. वर्षभरात किती जळकं ऑइल निघालं आणि कुणाला दिलं, याची वही असावी. संडास उपसणारा टँकर कुठं रिकामा झाला, याची पावती असावी. पिण्याच्या पाण्याचा टँकर त्याच्याजवळ धुऊ नये. आणि रस्ता झाडणाऱ्या बाईला गाडा, हातमोजे आणि वेळेवर येणारी गाडी मिळावी, मग तिला शिकवण द्यावी.

उत्तर देत नाहीत? माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. साध्या कागदावर विचारा, "गेल्या वर्षी आपल्या गाड्यांचं जळकं ऑइल कुणाला दिलं, पावत्यांच्या प्रती द्याव्यात." तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना भाग आहे. या एका ओळीनं गोदामाचं कुलूप उघडेल. अर्ज लिहायला वकील लागत नाही. किराण्याची यादी लिहिता येते तिला अर्जही लिहिता येतो.

आणि हा अर्ज पाठवायच्या आधी एक करा. आपल्या घरच्या ट्रकचं, स्कूटरचं, जिनिंगच्या मशीनचं ऑइल कुठं जातं, ते आज रात्री जेवायला बसताना विचारा. उत्तर "पाऊस आहे, धुऊन जातं" असं आलं, तर पहिला अर्ज घरातच द्यावा लागेल.

मृग दर वर्षी येतो. या वर्षी पोती उचलताना, पन्हळ साफ करताना, तासभर पदर खोचून पालिकेच्या आवारापर्यंत जाऊन या. एकटीनं जाऊ नका, चौघी जा. आरडाओरडा करायला जायचं नाही. नुसतं उभं राहून बघायचं, पिंपाला झाकण आहे का. नसेल तर विचारायचं, आणि झाकण येईपर्यंत दर आठवड्याला विचारत राहायचं.